विभागापर्यंतच

नियोजनाच्या नव्या सॉफ्टवेअरने विचारलं होतं, आकडे कुठल्या पातळीवर ठेवायचे? कारखाना, विभाग की लाइन? तिने ‘विभाग’ निवडलं.

“लाइन का नाही?” साहेबांनी विचारलं.

“एकेका लाइनचे आकडे फार उड्या मारतात, साहेब. एक मशीन अडलं की अख्खा आठवडा बिघडतो. सगळ्या लाइनींची सरासरी घेतली की खरा कल दिसतो.”

हे बरोबरच होतं. कॉलेजात ती हेच शिकली होती. पण सकाळी बूट घालता घालता दादा म्हणाला होता, “चिमणे, झाकण विभागातली आमची दोन नंबर लाइन उघडी पाडू नकोस. जुनं मशीन, निम्मी झाकणं वाकडी निघतात. तिन्ही लाइनींत मिसळून टाक. झाकली मूठ बरी.”

साहेबांनी मान डोलावली. गेल्या वर्षाचे आकडे पडद्यावर चढले. बाटल्या हिरव्या, पॅकिंग हिरवं. झाकण विभाग लाल.

“म्हणजे झाकणं बाहेरून घेतली तर स्वस्त पडतील?”

“मी कधीची सांगतेय,” हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या. “पण इथे ऐकतंय कोण! पोसा पांढरा हत्ती.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “मग विभागच बंद करू.”

तिचा हात माउसवर होता. पातळी बदलायला एक क्लिक पुरे होतं. एक आणि तीन नंबर हिरव्या दिसल्या असत्या, पॅकिंगहून गडद. लाल फक्त दोन नंबर. दादाची नोकरी तर दोन्हीकडून जात होती. उघडलं असतं तर बाकीच्या दोन लाइनी वाचल्या असत्या. गणितात काहीच अवघड नव्हतं. फक्त दादावर बोट तिला ठेवावं लागलं असतं.

“आत काही वेगळं असेल का?” साहेबांनी विचारलं. “उघडून बघायचं?”

“उघडलं तरी बेरीज तीच येते, साहेब.”

“बरं. मग कर लॉक.”

तिने केलं.

पाळी सुटायच्या आत फाटकावर नोटीस लागली होती. समोर घोळका होता, पण आवाज नव्हता. एक नंबरच्या फोरमनने तिला पाहिलं आणि तो वाट काढत पुढे आला.

“ताई, तुम्ही आत होतात ना? आमची लाइन वर्षभरात एकदा बंद पडली नाही हो. कुणाला दिसलंच नाही?”

दादा मध्ये आला. फोरमनच्या पाठीवर थोपटत म्हणाला, “तिला काय विचारतोस? ती फक्त बटणं दाबते.”

मग तिला कोपराला धरून त्याने बाजूला नेलं. सकाळपासूनचा ताण त्याच्या चेहऱ्यावरून गेला होता.

“मला धास्ती होती, आमची एकटीच जाते की काय. रस्त्यात तोंड दाखवायची सोय उरली नसती,” तो हळूच म्हणाला. “आता सगळेच जात्यात. सुपात कुणी राहिलंच नाही, तर हसणार कोण?”