सुनेची नखं

"नेलपॉलिश जरा पुसतेस का, मुली?" असं म्हणत वासुदेवरावांनी खिशातून बाटली आणि कापूस काढला. त्यांच्या बायकोला, सरलाबाईंना, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारी बसलेल्या मुलासाठी, परेशसाठी, पाहिलेली ही सातवी मुलगी.

वासुदेवराव डहाणू रोडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. सोरायसिसचे चट्टे त्यांनी वीस वर्षं मनावर घेतले नाहीत. पण एक्याण्णव साली बोटांचे सांधे सुजले, मग वाकले, आणि सदऱ्याची बटणं बायकोने लावायची पाळी आली. डॉक्टर म्हणाले, "हे घराण्यात उतरू शकतं. सांधे धरायच्या आधी बऱ्याचदा नखंच सांगतात."

झालं. लोक पत्रिका बघत, हे नखं बघू लागले. नातवंडांच्या वाट्याला हे भोग येऊ द्यायचे नाहीत, एवढाच ध्यास. परेश धडधाकट, अंगावर एक डाग नाही. मग सगळी भिस्त सुनेवर. झाई गावच्या मुलीच्या अंगठ्याच्या नखाला नुसता खलबत्त्याचा मार लागला होता, तरी तिला नकार गेला.

"नखांशी लग्न लावायचंय का पोराचं?" सरलाबाई वैतागून म्हणत.

तलासरीच्या या बैठकीत मात्र वासुदेवरावांची कळी खुलली. अदितीची दहाही नखं लख्ख. खुशीत येऊन त्यांनी आपली बोटं पुढे केली आणि धडाच सुरू केला. "हे बारीक खड्डे बघ, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. पुढे नख टोकाकडून सुटायला लागतं."

अदिती शाळेत शिकवायची. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चार दिवसांनी तिच्याकडून होकार आला.

साखरपुडा थाटात झाला. वासुदेवरावांनी वाकड्या बोटांनीच सगळ्यांना पेढे भरवले. "आमच्या घरातलं दुखणं माझ्यापाशी संपलं," ते ज्याला त्याला सांगत होते. कित्येक वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

अदिती पाया पडायला आली. "पोरी, पारखून सून आणली मी," ते अभिमानाने म्हणाले.

ती जवळ सरकली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं बोलली.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही खुणा सांगत होता, तेव्हा मी तुमच्या मुलाची नखं बघत होते. सगळ्या खुणा आहेत. त्या बघून, सगळं समजूनच मी होकार दिला."