मामंजींची लहर

लग्न होऊन आले त्या दिवशीच सासूबाईंनी कानात सांगितलं, “मामंजी लहरी हो! लहरी म्हणजे घटकेत हसतील, घटकेत ताट भिरकावतील. जपून राहा.” मी जपूनच राहिले.

आमचे हे वारले. दहाव्या दिवशी माझे केस उतरवायला भाट्याहून दादू न्हावी आला. सोवळंओवळं काटेकोर पाळणारे मामंजी ओटीवर बसले होते. मी आत देवापुढे हात जोडून उभी होते.

मामंजींचा आवाज आला, “दादू, परत जा.”

“अहो आप्पा, काल तुम्हीच ना निरोप धाडलात?”

“धाडला होता. आज मन फिरलं.”

“मग पुन्हा कधी येऊ?”

“मला लहर येईल तेव्हा.”

मामंजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. ती लहर त्यांना कधी आलीच नाही.