बैलांना डाग नको

शाळेच्या पडवीत मतदानाची रांग होती आणि हरिसिंग नायक पुन्हा एकदा मागच्या माणसाला आपल्या पुढे घालत होता.

लोकांना वाटलं, नायक मोठ्या मनाचा. तसा तो होताही. पण खरी गोष्ट अशी, की तांड्याचा हा पुढारी, ज्याच्या एका शब्दावर तांड्यातली भांडणं मिटत, तो आतल्या खोलीतल्या एका कागदाला घाबरला होता.

काल संध्याकाळी त्यानं लखीरामला शब्द दिला होता. लखीराम तांड्यातलाच, पक्षाचा कार्यकर्ता. डोक्यावर टोपी आल्यापासून जरा मोठ्यानं बोलायचा. त्यानं नायकाचा हात गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर ठेवून घेतला आणि सगळ्यांसमोर नायक बोलून गेला, “बैलजोडीले डाग नाई लागू देनार.” बैलजोडी ही पक्षाची निशाणी. नायकाच्या आजोबा-पणजोबांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. त्यानं स्वतः दुसऱ्या कशाला मत दिलंच नव्हतं.

यंदा मात्र बैलजोडीचा उमेदवार तांड्याकडे फिरकलासुद्धा नव्हता. आणि त्याच्यासमोर उभा होता दारव्ह्याचा वाहिद मिस्त्री. अपक्ष, निशाणी सायकल. नायकाच्या पोराला, किसनसिंगला, शेळ्या चोरल्याच्या संशयावरून ठाण्यात नेलं, तेव्हा हा वाहिद दुरुस्तीला घेतलेलं इंजिन तसंच उघडं टाकून ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसला होता. उठला तो पोराला घेऊनच. आता शब्द मोडावा, तर बैलाची आण. पाळावा, तर घरी पोराच्या तोंडाकडे बघायचं कसं?

बायकांची रांग भराभर सरकत होती. धनीबाई आत गेली आणि बाजार उरकून यावं तशी बाहेर आली. घागऱ्याला हात पुसत नवऱ्याजवळ उभी राहिली.

“काय केलं वो?” नायकानं दबक्या आवाजात विचारलं.

“काय करनार? पह्यले बरं होतं. बैलायची येगळी पेटी राहे, तिच्यात कागद टाकला का झालं. यंदा साह्यबानं शाईचा ठप्पा हातात देल्ला. म्हने, ज्याले मत द्याचं त्याच्यावर मार.”

“मंग?”

“मंग कागदावर बैलं पाह्यले. चांगले शिंगाचे, भरल्या अंगाचे. तुमी जलमात बैलाले डाग देऊ देल्ला नाई. पाय लचकला तरी डागनीवाल्याले हाकलून देल्लं. अन् मी त्यायच्या अंगावर ठप्पा मारू? सायकलीवर मारला. लोखंडाले काय दुखते?”

नायक तिच्याकडे बघतच राहिला. ही चुकली की हिनं मुद्दाम केलं? तिच्या चेहऱ्यावर काही सापडेना. इतक्या वर्षांच्या संसारात ते त्याला कधीच सापडलं नव्हतं.

“तू एकलीनंच केलं असं?”

“बसंतीनं इचारलं, तिले सांगतलं. तिनं मांगच्यायले सांगतलं.” धनीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “बैलं काय माह्येच हायेत?”

नायकाला आपलेच कालचे शब्द ऐकू आले. डाग नाही लागू देणार. रात्रभर तो ते शब्द धोंड्यासारखे उरावर घेऊन पडला होता, आणि त्यांचा अर्थ त्याला आत्ता बायकोकडून कळत होता. आधी त्याला हसू आलं. मग इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि रांगेत नीट उभा राहिला. मागचा माणूस सवयीनं पुढे घुसू लागला, तर नायकानं त्याला दंडाला धरून मागे केलं.

आत साहेबानं बोटाला शाई लावली, कागद दिला, ठप्पा दिला. गोणपाटाच्या आडोशाला नायकानं बैलजोडीकडे एकदा प्रेमानं बघून घेतलं. मग सायकलीवर ठप्पा दाबला. शाई उडून बैलांना लागू नये म्हणून फुंकर मारमारून वाळवली आणि कागदाची घडी अशी जपून घातली, की बाहेरून साहेब ओरडला, “अहो नायक, झोपलात का?”

बाहेर लिंबाखाली लखीराम वाटच बघत होता.

“राखला ना शब्द?”

“राखला. बैलायले डाग लागू देल्ला नाई.” नायकानं हे त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. खोटं बोलावं लागलं नाही, याचंच त्याला केवढं सुख झालं होतं.

लखीरामनं मान डोलावली. डोलता डोलता ती मध्येच थांबली. त्यानं नायकाकडे बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या धनीबाईकडे, मग पक्षाच्या जीपकडे. जीपजवळची माणसं चहा पीत होती. लखीरामनं टोपी काढून तिचाच वारा घेतला आणि ती परत डोक्यावर ठेवली. आता हा सगळ्यांदेखत बोंब मारणार, असं नायकाला वाटलं.

“जोरानं नोका बोलू, नायक,” लखीराम जवळ येऊन हळूच म्हणाला. “बायको मलेबी हाये.”