फोटोचा पत्ता

"ड्रॉइंग पाठवताना त्याच्याखालचा फोटोही जोडत जा," असं ऑफिसात सगळ्यांना येताजाता सुनावणारा पराग सासऱ्यांना ड्रॉइंग पाठवताना नेमका फोटोच विसरला. केबिन रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटचा जुना कागदी नकाशा स्कॅन करून त्या फोटोवर त्याने स्वयंपाकघराचा नवा ओटा काढला होता. सासरे स्वतः निवृत्त ड्राफ्ट्समन, त्यामुळे हा ओटा आतापर्यंत सहा वेळा हलला होता.

दुपारी त्यांचा फोन आला. "जावईबापू, ओटा झकास. पण खाली जुना नकाशा दिसत नाहीये, नुसती चौकट आलीय."

ऑफिसातल्या बाकीच्यांनीही शिकावं म्हणून परागने फोन स्पीकरवर टाकला. "बाबा, सोप्पं आहे. फोटो ड्रॉइंगच्या आत नसतोच. तो सोबत आला नाही, की चौकटीत फक्त त्याचा पत्ता दिसतो. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर तो कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलाय, ते. मोठ्याने वाचा बघू!"

 

"वाचतो. डी ड्राइव्ह... फुकटची कामं... सासऱ्याची कटकट... ओटा, सातव्यांदा."