लाल सिलिंडरचं जुनं कार्ड

रूपसिंगनं आग विझवायचा लाल सिलिंडर उलटा केला, दोनदा हलवला आणि नाराजीनं मान हलवली.

"आतली पावडर गोठली, मावशी. बुडाले गंज चढला. आता नवाच लावा लागते."

शकुबाईला नवा नको होता. नवा सिलिंडर म्हणजे नवं कार्ड, आणि घरात कापूस आहे की नाही, हे त्यावर पुन्हा लिहावं लागतं.

सिलिंडर विकणाऱ्या दारव्ह्याच्या दुकानाचा नियम सोपा होता. घरात कापूस भरलेला असेल तर माणूस दर तीन महिन्यांनी तपासायला येणार. नसेल तर वर्षातून एकदा. पाच वर्षांमागे तिच्या नवऱ्यानं, भगवानरावांनी सिलिंडर घेतला, तेव्हा भाव पडलेले होते आणि गावातल्या घराघरांत आढ्यापर्यंत कापूस होता. पुढं भगवानराव गेले. मुलगा अक्षय पुण्याला गेला. तो फोन करतो, पण फोनवर चहा थोडाच पाजता येतो? गेली तीन वर्षं दुकानाकडून रूपसिंग येत होता. त्याच्या येण्याच्या दिवशी शकुबाई दोनदा अंगण झाडायची आणि ठेवणीतलं लुगडं नेसायची. बाकीचे दिवस ती कोणाशी बोलायची? फार तर मांजराशी.

"कापूस हाय ना अजून?" नवं कार्ड काढत रूपसिंगनं विचारलं.

"हाय ना. भाव येऊ दे मंग पाहू."

मागच्या खोलीला कुलूप होतं. दाराच्या फटीतून कापसाचा एक पुंजका डोकावत होता. शकुबाईनं तो बोटानं नीट केला. मग कमरेच्या किल्लीला हात लावून म्हणाली, "खोली पाहा लागते का रे?"

"राहू द्या, मावशी. उघडली का कापसावर धूळ बसते."

त्यानं कार्डावर 'दर तीन महिन्यांनी' असं लिहिलं. शकुबाईचा जीव भांड्यात पडला. चहात तिनं चमचाभर साखर जास्तच घातली. मग त्याच्या पोरीची दहावी, शकुबाईचे गुडघे, पांढरकवड्याच्या रस्त्यावर उलटलेला ट्रक, असं तासभर चाललं.

परतीच्या जीपचा हॉर्न वाजला तसा तो उठला.

"जुनं कार्ड तुमच्यापाशीच ठेवा. आता मले नाही लागत."

हे कार्ड आजवर त्याच्याच बॅगेत असायचं. जीप गेली, घर पुन्हा गप्प झालं. शकुबाईला भयंकर एकटं वाटलं. उगाच चाळा म्हणून तिनं चष्मा लावला आणि कार्ड उघडलं.

आधीच्या माणसाच्या सह्यांखाली रूपसिंगच्या बारा सह्या होत्या, दर तीन महिन्यांची एक. त्यांतल्या सगळ्यात वरच्या, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेपुढं त्यानं लिहिलं होतं, 'खिडकीतून पाहिलं. खोली रिकामी आहे. वर्षातून एकदा आलं तरी पुरे.'