सन्मानाची वागणूक

‘परदेशातून येऊन आमच्या देशात कंपनी काढणाऱ्या उद्योजकास स्थानिकांइतकीच सन्मानाची वागणूक मिळेल,’ असे नोंदणी कार्यालयाच्या माहितीपत्रकात छापले होते. पत्रक अनेक भाषांत होते. अधिकारी मात्र एकाच भाषेत बोलत.

धाकटीने त्या वाक्याची मनातल्या मनात केव्हाच चिरफाड केली होती. सन्मान म्हणजे गुबगुबीत खुर्ची, पाण्याचा पेला आणि हसून दिलेला नकार. स्थानिकांइतकीच वागणूक म्हणजे स्थानिक भागीदार आणल्याखेरीज तुमचा अर्जही न उघडणे. आणि उद्योजक म्हणजे थैलीवाला. ज्याच्या बोटांना कातडे शिवून शिवून घट्टे पडले आहेत, त्याच्यासाठी या राज्यकर्त्यांनी निराळा, हलका शब्द राखून ठेवला असावा.

एक पाय आखूड असलेल्या माणसांचे बूट ती बनवत असे. टाच अशी भरायची की चालणाऱ्याचे लंगडणे निम्म्याने विरघळावे. गावातले दुकान विकून तिने इथल्या एका गल्लीत भरपूर उजेडाची खोली धरली, शिलाईचे यंत्र जहाजाने मागवले. यंत्र पोचले, परवानगी पोचेना. तिच्या मुक्कामाची मुदत तर याच आठवड्यात संपत होती. मग परतायचे, आणि तेही दुकान नसलेल्या गावात.

तिच्या दादाची निम्मी हयात या देशात गेली होती. अर्ज त्याने भरला, भेटीच्या तारखा त्याने घेतल्या, साहेबापुढे दर वेळी तोंड त्यानेच चालवले. थोरल्याच्या शब्दावर शंका घेण्याची त्यांच्या घरात रीत नव्हती.

“आज तरी हो म्हणेल का रे तो टकल्या?” बाहेरच्या बाकावर तिने विचारले.

“बघू. तू तेवढी तापू नकोस. भाषा कळत नसली, तरी तुझ्या नाकावरचा राग त्याला कळतो.”

“बरंच झालं की! तेवढं तरी भाषांतर वाचलं.”

दादा हसला. “आईचा फोन होता. तिला सांभाळायला राहिलेल्या मावशीला आता स्वतःच्या घरी जायचंय म्हणे. तिला तरी किती दिवस अडकवायचं?”

“एकदा परवानगी मिळू दे. मग आईचं आपण दोघं मिळून ठरवू.”

तेवढ्यात आतून बोलावणे आले.

साहेब उठून उभा राहिला. हसला. कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवून बराच वेळ बोलला. दादा त्याहून जास्त बोलला. छातीवर हात ठेवून, मान लववून. आपल्यापायी हा माणूस परक्यापुढे किती वाकतो, या विचाराने तिचा संताप दुणावला.

“काय म्हणतो?”

“तुझा अनुभव इथे चालत नाही म्हणतो. आधी इथल्या कारखान्यात उमेदवारी कर.”

“उमेदवारी? मी? लोकांच्या टाचा भरता भरता केस पिकले माझे!”

“आणि अर्ज मागे घेतल्याची सही दे म्हणतो. मुळीच करू नकोस.”

साहेबाने पेन पुन्हा पुढे धरले. तिने ते झिडकारले.

“सांग त्याला, दादा! पाट मांडायचा आणि वाढलेलं ताट ओढून घ्यायचं, हा कुठला सन्मान? पहिल्यांदा भागीदार नाही, मग जागा बरोबर नाही, आज मलाच काही येत नाही! यांना नाचता येईना, आणि अंगण माझं वाकडं! शब्द न् शब्द सांग!”

दादाने ते एका छोट्या वाक्यात उरकले. सभ्य माणूस, कडू तेवढे गाळले असेल, असे तिला वाटले.

साहेब दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला, त्यात सावकाश काही बोलला आणि फोन तिच्यापुढे ठेवला. दादाचा हात पुढे आला. साहेबाने तो अडवला.

फोनमधून सपाट आवाजात मराठी उमटली: “बाई, तुमची कंपनी पहिल्याच भेटीत मंजूर झाली आहे. फक्त तुमची सही बाकी आहे. तुम्हाला इथे राहायचे नाही, असे तुमचे भाऊ दर वेळी सांगतात. तुम्ही आमच्यावर का रागावता?”

तिने साहेबाकडे पाहिले नाही.

“दादा?”

दादाने कोटाचे बटण काढले, पुन्हा लावले. त्या खोलीत पहिल्यांदाच तो कुणाचे भाषांतर न करता बोलला. बोलला ते शब्दशः असे:

“हो, मीच अडवलं. तू इथे राहिलीस, तर तिकडे आईला कोण बघणार? मी?”