निवडीआधीचा ताण

उद्या हँडबॉलच्या संघाची निवड होती. सरावात तिचा खांदा दोनदा निखळला होता, पण तिने तो स्वतःच दाबून बसवला आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आता निवडीआधीच्या तपासणीसाठी ती बाकावर उताणी झोपली होती. फिजिओताईंनी तिचा उजवा हात कोपरात दुमडून बाकाच्या कडेबाहेर धरला. चेंडू फेकताना जातो तसा तो मागे जाऊ लागला.

"दुखतंय का गं?"

"नाही. हळू ओढा फक्त."

हात आणखी मागे गेला. आता सटकणार, या भीतीने तिला दरदरून घाम फुटला.

"बास ताई, नका ओढू एवढा."

ताईंचा आवाज खाली आला.

"अगं, मी अजून ओढलाच नाहीये. नुसता आधार दिलाय. हात आपल्या वजनानेच मागे जातोय, म्हणजे खांदा आधी निखळलाय ना?"